रात्री दांडीखाली बॅटरी मारून बघा

नमस्कार श्रोतेहो. परसात चार-दहा कोंबड्या पाळणाऱ्यांशी आज बोलायचंय. चुना कसा मारावा, राख कुठे टाकावी हे तुम्हाला ठाऊक आहे, ते मी सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते खुराड्यातल्या फटींबद्दल. आणि त्यासाठी आमच्या कबरी कोंबडीची हकीकत सांगायलाच हवी.

कबरी खुडूक बसली होती, पोटाखाली 11 अंडी. आधी दोनदा तिने पिल्लं काढलेली, म्हणून मी निर्धास्त. सोळाव्या रात्री बाहेर आले तर ही अंडी सोडून दाराच्या जाळीला चिकटून उभी! साप शिरला असेल म्हणून काठी घेऊन आत बघितलं. काही नाही. उचलून परत अंड्यांवर ठेवली. सतराव्या रात्री पुन्हा तेच. मी चिडले. तिच्यावर टोपली पालथी घातली, म्हणजे उठायलाच नको. तिचा तुरा फिका पडलेला मला दिसत होता. पण खुडूक कोंबडी खाते कुठे नीट, म्हणून फिकी पडली, असं मी मनाशी ठरवून टाकलं. त्या टोपलीचं मला आजही वाईट वाटतं.

अठराव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, ती उगाच अंडी सोडायची नाही. तू दिवसा काय बघतेस? रात्री बघ." खरंच, दिवसा मी दोनदा तिची पिसं उलटून बघितली होती, काही सापडलं नव्हतं. त्या रात्री सासूबाईंनी हाताला पांढरं फडकं गुंडाळलं आणि कोंबड्या रात्री बसतात त्या दांडीच्या खालून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. बॅटरीच्या उजेडात बघतो तर फडक्यावर तांबडे डाग. दांडी भिंतीत शिरते त्या भोकात तर नुसती वळवळ. कबरीच्या गवतातही तेच. मी टोपली पालथी घालून तिला त्यांच्या तोंडी दिलं होतं.

हे लाल माइट, म्हणजे रक्त पिणारे अगदी बारीक जीव. दिवसा फटीत करड्या धुळीसारखे दडून बसतात, रात्री अंगावर चढून रक्त पितात आणि तांबडे होऊन परत फटीत. पुन्हा सांगते, दिवसा फटीत, रात्री अंगावर. म्हणून नुसत्या कोंबडीला पावडर चोळून भागत नाही.

त्याच रात्री कबरीची पिसं झटकून तिला अंड्यांसकट पडवीत नव्या टोपलीत, नव्या गवतावर बसवली. सकाळी खुराडं रिकामं केलं. दांड्या काढल्या, जुनं गवत जाळलं, फटी खरवडून उकळतं पाणी ओतलं. मग पशुवैद्यकांना विचारून औषध फवारलं, ते वाळल्यावरच कोंबड्या आत घेतल्या. बाविसाव्या दिवशी 6 पिल्लं निघाली.

आठ दिवसांनी सगळं पुन्हा केलं. हे पुन्हा करणं विसरू नका. माइटची अंडी औषधातून वाचतात आणि उबेच्या दिवसांत आठवडाभरात त्यांचे मोठे माइट होतात. खुराडं नुसतं रिकामं ठेवूनही उपयोग नाही, रक्ताशिवाय ते कित्येक महिने तग धरतात. दांडी गुळगुळीत असावी, सहज निघणारी असावी, भिंतीला टेकलेली नसावी. हल्ली पट्ट्यापट्ट्यांची नक्षीदार लाकडी खुराडी दिसतात, ती मला मुळीच पटत नाहीत. जितके सांधे तितकी माइटची घरं. घर कोंबडीसाठी बांधायचं की बघणाऱ्यासाठी?

उवांचं उलट. त्या अंगावरच राहतात, शेपटीखाली पिसांच्या मुळाशी लिखांचे गठ्ठे दिसतात. तिथे पावडर कोंबडीलाच, आणि दहा-चौदा दिवसांनी दुसऱ्यांदा. पायाची खवलं वर उचललेली दिसली तर तो वेगळा माइट, खवल्यांखाली राहणारा. त्यावर व्हॅसलीन चोळत राहा.

जंतांबद्दल एवढंच. विष्ठेतून पडलेली गोल जंताची अंडी लगेच बाधत नाहीत, त्यांना साधारण दोन आठवडे लागतात. दर आठवड्याला विष्ठा उचललीत तर ती साखळी तुटते. पिपरॅझिन हे जंताचं औषध गोल जंतांवर चालतं, पट्टीच्या जंतांवर नाही. रक्ती हगवण ओल्या तुसात वाढते, म्हणून पाण्याच्या भांड्याभोवतीचं तूस कोरडं ठेवा.

आणि एक वही ठेवा. कागदाची. औषध कधी दिलं, दुसऱ्यांदा कधी द्यायचं, अंडी किती दिवस खायची नाहीत, सगळं तारखेसह. घरातल्या लहान मुलांना लिहू द्या. संध्याकाळी कोंबड्या मोजून दार लावणारं मूल कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त बघायला शिकतं, असं माझं ठाम मत आहे. गुरांच्या गोचिडांचं उरलेलं औषध मात्र अंदाजाने कोंबड्यांवर फवारू नका. मात्रा पशुवैद्यकांनाच विचारा, आणि अंडी किती दिवस बाजूला काढायची तेही त्यांनाच.

आज रात्री जेवणं आटोपली की पांढरं फडकं आणि बॅटरी घेऊन खुराड्यात जा. दांडीच्या वरून नाही, खालून फिरवा. नमस्कार.