मांगरातला लेथ

[देवगड. वर ओढून झापांनी शाकारलेल्या होड्या. पाऊस.]

१ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस आमच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी ओटीवर दुरुस्तीला, इंजिनं उघडलेली. वर्षभर ‘चालतंय तोवर चालू दे’ म्हणत ढकललेलं सगळं या दोन महिन्यांत बाहेर निघतं. झिजलेला बूश, म्हणजे फिरणारा दांडा ज्यात बसतो ती धातूची नळी, आटे गेलेला नट, खाऱ्या पाण्यानं खाल्लेला पंपाचा शाफ्ट. जुलै संपत आला की टर्नरच्या, म्हणजे लेथवर धातूचे भाग घडवणाऱ्याच्या, दारात अख्ख्या बंदराची रांग लागते. दर्याला नारळ देऊन होडी पाण्यात ढकलायची वेळ येते, आणि अंगठ्याएवढ्या बुशासाठी ती वाळूतच बसून राहते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या काकांची होडी अशी सहा दिवस अडकली. इतरांच्या टोपल्या बांगड्यानं भरून येत होत्या आणि काका धक्क्यावर उभे राहून बघत होते. तोंडानं अवाक्षर काढलं नाही त्यांनी. मी आयटीआयला टर्नरचा दोन वर्षांचा ट्रेड केलेला, पुढे लोट्याच्या एमआयडीसीत मशीनवर उभा राहिलेला माणूस. हातात विद्या होती, घरी मशीन नव्हतं. त्या आठवड्यात ठरवलं, मागच्या मांगरात, म्हणजे घरामागच्या शेडमध्ये, लेथ बसवायचा. लेथ म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून टूलनं कापणारं मशीन. आपल्या खिशाला झेपेल असा, पण खरं काम करणारा.

[वहीचं पान. पेन्सिलीनं काढलेली बुशाची आकृती.]

मशीन बघायला बाहेर पडण्याआधी मी वर्षभर एक वही ठेवली. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या घरून टर्नरकडे जाणाऱ्या प्रत्येक कामाची नोंद केली. व्यास किती, लांबी किती, धातू कोणता, आटे कसले. हे कंटाळवाणं वाटेल, पण लेथ घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच करायला सांगतो. लोक जाहिरातीतली मापं बघून मशीन निवडतात आणि मग त्या मशीनला शोभेल असं काम शोधत बसतात.

वर्ष संपलं तेव्हा वहीतून चित्र स्पष्ट झालं. बहुतेक कामं ६० मिलिमीटर व्यासाच्या आतली आणि वीतभर लांबीची. गनमेटलचे, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूचे, बूश, स्टेनलेसच्या पिना, पुलीचं भोक मोठं करणं, पाण्याच्या लाइनीचे आटे. मोठं काम एकच, होडीच्या पंख्याचा दोन मीटर लांब शाफ्ट. तो मोठ्या वर्कशॉपलाच जाणार. त्या एका कामासाठी घरात अजस्र मशीन आणायचं नाही, हे वहीनंच ठरवून टाकलं.

[चकाच्या जबड्यांमध्ये फिरणारी सळई, अगदी जवळून.]

लेथची ओळख दोन आकड्यांनी करून देतात. पहिला आकडा बेडवर, म्हणजे मशीनच्या लांब पायावर, फिरू शकेल असा मोठ्यात मोठा व्यास, दुसरा दोन सेंटरांमधली लांबी, म्हणजे दोन टोकांत धरता येईल तेवढी. बाजारात सगळ्यात जास्त दिसणारा मिनी लेथ १८० बाय ३५० चा असतो. पण १८० मिलिमीटरचा जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, त्यावर सुखानं टर्न होईल असं समजू नका. टूल ज्या क्रॉस स्लाइडवरून जातं, तिच्यावरून जेमतेम शंभर-एकशे दहाच मिलिमीटर फिरतो. म्हणून विकणाऱ्याला दोन्ही मापं विचारायची.

तिसरं माप सहसा कोणी विचारत नाही, आणि आमच्या कामाला तेच सगळ्यात मोलाचं. स्पिंडलचं, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या मुख्य दांड्याचं, आरपार भोक. मिनी लेथमध्ये ते साधारण २० मिलिमीटर असतं. आमच्याकडे शाफ्टला लागणारी सळई बरेचदा एक इंची, म्हणजे २५.४ मिलिमीटर. ती या भोकातून जातच नाही. मग लांब सळईचं टोक करायचं तर आधी ती कापा, मग पकडा, मग उरलेला तुकडा वाया घालवा. त्याच्या वरच्या मापाचा, २५० बाय ५५० चा टेबल लेथ घेतला तर भोक २६ मिलिमीटरचं मिळतं आणि एक इंची सळई नेमकी आत सरकते. अर्ध्या सुताइतकीही मोकळीक नाही, पण सरकते. माझा निर्णय निम्मा इथंच झाला.

उरलेला निम्मा वजनावर झाला.

टूल पोलाद कापतं तेव्हा पोलादही टूलला मागं लोटतं. मशीन हलकं असेल तर हा धक्का बेडपर्यंत पोचतो, बेड वाकतो, परत येतो, पुन्हा वाकतो. जॉबवर लाटा उठतात आणि मशीन गुरगुरायला लागतं. हे थांबवायला लागते बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आणि तेही भरपूर. मिनी लेथ चाळीसेक किलोचा, दोघांनी उचलून टेबलावर ठेवावा असा. २५० चा लेथ १२० किलोच्या घरात. साडेचार फुटी जुना देशी लेथ पाचशे किलोच्या आगेमागे, त्याला जमिनीत पाया करावा लागतो. एका दुकानात मी चाळीस किलोच्या मशीनवर २५ मिलिमीटरची सळई लावून पार्टिंग टूल आत घातलं. पार्टिंग म्हणजे जॉब मधून तोडणं. मशीन किती दमाचं आहे ते यात लगेच कळतं. दोन मिलिमीटर आत गेल्यावर टूल धरणारं टूलपोस्ट डोळ्यांना दिसेल इतकं थरथरलं. दुकानदार म्हणाला, “साहेब, सावकाश घ्या, हे हॉबीचं मशीन आहे.” त्याचं म्हणणं खरं होतं. पितळ, ॲल्युमिनियम, छोट्या पिना यांना ते मशीन चांगलंच आहे. ज्याला मॉडेल बनवायची आहेत त्यानं जरूर घ्यावं. आमच्या स्टेनलेसच्या शाफ्टला ते पुरणार नव्हतं.

[फोंडा घाट. धुकं. ट्रकच्या मागच्या दिव्यांचा लाल उजेड.]

मग जुनं मशीन का नको, असा प्रश्न येतोच. त्यासाठी मी फोंडा घाट चढून कोल्हापूरला गेलो. शिवाजी उद्यमनगर म्हणजे लेथच्या आवाजातच जागं होणारी वस्ती. तिथं एका कारखान्याच्या कोपऱ्यात हरिहरला बनलेलं जुनं मशीन चालू होतं. किर्लोस्करांनी १९४१ मध्ये हरिहरला सुरू केलेल्या कारखान्यातली मशीनं आजही कामावर दिसतात, आणि ती बघताना मला मनापासून आदर वाटतो.

विकायला असलेलं मशीन मात्र दुसरीकडे होतं. हिरवा रंग ताजा, इतका की बोटाला वास लागत होता. सोबत आलेले वयस्क टर्नर मला बाजूला घेऊन म्हणाले, “पावनं, रंग बघू नका. कॅरेज बघा.” त्यांनी टूल घेऊन बेडवर सरकणारं कॅरेज चकाजवळ, म्हणजे जॉब धरणाऱ्या पकडीजवळ, आणलं आणि त्याचा सैलपणा काढणारी जिब पट्टी इतकी आवळली की तिथं ते जरा घट्ट सरकेल. मग हँडव्हील फिरवत पलीकडच्या टोकाच्या टेलस्टॉककडे नेलं. अर्ध्या वाटेवर ते गच्च अडकलं. कारण साधं आहे. लेथवर बहुतेक काम चकाजवळ होतं, बेड तिथंच झिजतो. पलीकडचं टोक नव्यासारखंच राहतं. चकाजवळच्या झिजलेल्या जागी बसवलेली पट्टी न झिजलेल्या जागी जाऊ शकत नाही. अशा बेडवर लांब सळई टर्न केली की ती एका टोकाला जाड निघणार, आणि बेड ग्राइंड करून घेण्याचा खर्च मशीनच्या किमतीला भिडणार.

दुसरी परीक्षा स्पिंडलची. चकात जाड सळई पकडायची, तिला बारीक हालचाल दाखवणारा डायल गेज लावायचा आणि सळई हातानं वर उचलून बघायची. काटा सरकून परत जागेवर आला तर ठीक, सरकला तिथंच राहिला तर बेअरिंग सैल. तिसरी परीक्षा हाफ नटची, कारण आटे पाडताना कॅरेज ओढणाऱ्या लीडस्क्रूला तोच धरून ठेवतो. झिजलेला हाफ नट आट्याची वाट सोडतो. या तीन गोष्टी ठीक असतील तर जुना देशी लेथ नव्या छोट्या मशीनपेक्षा कितीतरी सरस, हे मी आजही म्हणेन.

पण त्या जुन्या मशीनची मोटर थ्री फेजची होती आणि आमच्या वाडीत घरोघरी सिंगल फेज. व्हीएफडी, म्हणजे वीज बदलून देणारं यंत्र, लावून सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवता येते, तसे चालवणारे लोक आहेत. आमच्याकडे संध्याकाळी सगळ्यांचे पंप सुरू झाले की दिवे पिवळे पडतात. त्यात जांभ्याच्या जोत्यावर पाचशे किलोचा पाया घालायचा आणि बंदरापासून मांगरापर्यंतच्या पायऱ्यांच्या पाखाडीवरून मशीन चढवायचं. मी हिशेब मांडला आणि जुन्याचा नाद सोडला. ज्याच्या दारापर्यंत टेम्पो जातो आणि थ्री फेज आहे, त्यानं मात्र आधी कोल्हापूर गाठावं.

[मोटरचा पट्टा एका पुलीवरून दुसऱ्या पुलीवर चढवणारे हात.]

शेवटी घेतला तो २५० चा, सिंगल फेजवर चालणारा. वेग बदलायची सोय बटणावर आहे, पण मी खात्री केली ती आतल्या पट्ट्याची. नुसत्या बटणानं वेग कमी केला की मोटरची ताकदही कमी होते. २५ मिलिमीटरची साधी पोलादी सळई एचएसएस, म्हणजे हाय-स्पीड स्टीलच्या, टूलनं कापायची तर मिनिटाला सुमारे ३२० फेरे लागतात, आणि १०० मिलिमीटरच्या पुलीला ८०. त्या ८० फेऱ्यांवर ताकद हवी असेल तर पट्टा कमी वेगाच्या पुलीवर चढवता आला पाहिजे.

आट्यांचंही तसंच. होडीच्या जुन्या इंजिनाचे बोल्ट व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचे, पाण्याच्या लाइनी इंची, नवीन पंप मेट्रिक. अर्ध्या इंची पाइपाला इंचात १४ आटे असतात. मेट्रिक लीडस्क्रूवर ते अचूक पाडायचे तर गिअरांच्या संचात १२७ दातांचं चक्र हवं, कारण पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर. पैसे देण्याआधी मी पेटी उघडून दात मोजले.

किमतीचं एवढंच सांगतो. हातातले सगळे पैसे मशीनवर घालवू नका. चार जबड्यांचा चक, ड्रिल चक, डायल गेज, व्हर्नियर, टूलं, धार लावायला ग्राइंडर, आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. दहा रुपये असतील तर सहाचंच मशीन बघा.

[मांगर. कौलांतून येणारा उजेड. बेडवर तेलाचा हात.]

आमच्या किनाऱ्यावर खरा शत्रू गंज. घाटावरचा माणूस मशीन झाकून ठेवतो आणि निश्चिंत होतो. इथं तसं केलं तर घात होतो. पहिल्याच पावसाळ्यात मी लेथवर जाड प्लॅस्टिक घातलं. दोन दिवसांनी उचललं तेव्हा बेडला घाम फुटला होता आणि चकाखाली तांबूस डाग उठले होते. रात्री लोखंड थंड पडतं, सकाळी समुद्रावरची दमट गरम हवा आत शिरते आणि पाणी लोखंडावर बसतं. प्लॅस्टिक ते बाहेर जाऊ देत नाही. वर हवेतलं मीठ. डाग तेल आणि बारीक स्कॉचब्राइटनं निघाले, पण त्या सकाळी पोटात गोळा आला होता.

आता जुन्या सुती लुगड्याचं झाकण आहे. आत एक जुना पिवळा बल्ब रात्रभर जळतो, लोखंड हवेपेक्षा जरासं गरम राहील इतकाच. काम संपलं की कीस ब्रशनं झाडायचा, बेडवर ६८ नंबरचं तेल ओढायचं, खारट घामाचा हात उघड्या लोखंडाला लावायचा नाही. मशीन समुद्राकडच्या भिंतीपासून हलवून आतल्या भिंतीला घेतलं. आई देवाजवळ दिवा लावते त्याच वेळी मी मांगरातला बल्ब लावतो, आणि ती रोज विचारते, “लावलास मा?”

[जुलैची अखेर. चकात गनमेटलचा तुकडा.]

पहिलं मोठं काम काकांचंच आलं. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी ओढणारा पंप, त्याचा बूश झिजलेला. शाफ्ट २० मिलिमीटरचा. बाहेरचं माप आधी घेतलं, मग ड्रिल, मग बोअरिंग टूल. गनमेटलचा कीस पोलादासारखा गुंडाळत येत नाही, सोनेरी रव्यासारखा उडतो. गॉगल त्याचसाठी. शेवटचा कट घेताना मी हँडव्हीलवरची एकेक रेघ मोजत होतो. पाच शतांश मिलिमीटरची मोकळीक ठेवायची होती, तेलाच्या पापुद्र्याला जागा मिळेल इतकी. काका दारात उभे होते. “गावतलो मा रे आज?” एवढंच विचारलं त्यांनी.

शाफ्टला तेल लावून बूश सरकवला. तो अडला नाही आणि डुगडुगलाही नाही, आपल्या वजनानं हळूहळू खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी भरतीला होडी पाण्यात घेतली. इंजिनानं दोनदा उचकी दिली आणि तिसऱ्या खेपेला धरलं. आम्ही सगळे होडीच्या बाजूच्या नळीकडे बघत होतो, जिथून थंड करून झालेलं पाणी बाहेर पडतं. आधी नुसता धूर. मग एक थेंब. मग सरळ, जाड धार.

काका धक्क्याकडे वळून ओरडले, “इला रे, पाणी इला!”