आत्याच्या पाटल्या आणि घराचा विमा

नमस्कार श्रोतेहो. घराचा विमा काढताना एजंट विचारतो, "दागिन्यांचं जादा कव्हर टाकू ना?" आणि आपण चहा पिता पिता म्हणतो, "टाका." त्या 'टाका'ची ही गोष्ट.

नागपूर, २३ सप्टेंबर २०२३, शनिवारची पहाट. चार तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. (जिला आपण जन्मभर नाला म्हणालो, जिच्या काठावर भिंती चढवल्या, ती तरी किती ऐकून घेणार?) माझी आत्या तिथेच जवळ, तळमजल्यावर राहते. त्या रात्री मी तिच्याकडे मुक्कामाला होते. पाणी घोट्याला लागलं तशी आत्या ओरडली, "काहून पाहून राहिली? लोणचं वर ठेव आधी!" बरणी माळ्यावर गेली. तेवढ्यात फ्रिज कलंडला, दार उघडलं आणि आदल्या रात्रीच्या कढीचं पातेलं तरंगत बैठकीत आलं.

विम्याची फाइल कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात. चिंब! दोन दिवस कागद दोरीवर, चिमटे लावून. मग आत्याने वर पंचा टाकून त्यांना इस्त्री केली आणि पॉलिसी पहिल्यांदा वाचली. फ्रिज, वॉशिंग मशीन, दिवाण, सगळं मूळ विम्यातच होतं. जादा हप्ता कशाचा? सोन्याच्या पाटल्यांचा. पाटल्या कुठे? बँकेच्या लॉकरमध्ये, अकरा वर्षांपासून.

तर मंडळी, १ एप्रिल २०२१ पासून कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे. आग, पूर, वादळ, भूकंप मूळ विम्यातच. घर-सामान दोन्ही घेतलं, तर घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, फार तर १० लाखांपर्यंत, सामानाला आपोआप मिळतात. चोरी मात्र अशा आपत्तीमुळे, ७ दिवसांत झाली तरच. नुसती घरफोडी नाही. पुन्हा सांगते, पूर मूळ विम्यात आहे, नुसती घरफोडी नाही. मे महिन्यात कुलूप लावून गावी जात असाल, तर घरफोडीच्या कव्हरचे पैसे जरूर मोजा. घरात नसलेल्या सोन्याचे कशाला?

पुढच्या नूतनीकरणाला आत्याने पाटल्यांचं कव्हर वगळलं, घरफोडीचं घेतलं. पॉलिसी आता प्लास्टिकच्या पिशवीत, माळ्यावर, बरणीला टेकून असते. कागदाला मोहरीच्या फोडणीचा वास येतो.