ओट्यावर तांब्याभर पाणी ओतून बघा

(दर्यापूर तालुक्यातल्या एका गावी, वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं शब्दांकन)

मंडळी, मी माइकजवळ येण्याआधीच पुढच्या रांगेतल्या ताईंनी मला विचारलं, "मॅडम, सैपाकाच्या ओट्याचा दगड वाकते का जी?" त्यांच्या मागचे काका लगेच म्हणाले, "दगड काहाले वाकीन? मिस्त्रीनंच वाकडा बसवला असन." मी दोघांनाही सांगितलं, थांबा, याच्यावरच बोलायला आले आहे.

मी तंत्रनिकेतनात बांधकाम शिकवलं, पण ओट्याबद्दल जे शिकले ते घरी. बाबा फरशीचे मिस्त्री होते. आमच्या स्वयंपाकघरात त्यांनीच बसवलेला कडप्प्याचा ओटा होता. आई ज्वारीचं पीठ मळायला घ्यायची तेव्हा परात हळूहळू भिंतीकडे सरकायची. आई परातीखाली फडकं घालायची. आधी एकेरी, मग दुहेरी, मग चौपदरी. एका उन्हाळ्यात बाबांनी ती घडी पाहिली आणि काही न बोलता पातळी बघायची पाणी भरलेली लेव्हलची नळी काढली. एका टोकाला मी नळी धरली, दुसऱ्या टोकाला ते. मग पाटा, म्हणजे मिस्त्रीची सरळ कडेची लांब पट्टी, आडवा लावून पाहिला. दगड पाट्याला तंतोतंत चिकटला, खाली एका केसाची फट नाही. ओटा उतरला होता, पण दगड सरळ होता. खालची मधली भिंत बसली होती.

म्हणून ओटा "वाकला" असं कुणी म्हटलं की मी आधी दगडाकडे बघत नाही. तांब्याभर पाणी मागते. कोरड्या ओट्यावर सावकाश ओतते आणि पाणी कुठे जाऊन थांबतं ते बघते. मग लांब सरळ पाटा ओट्यावर तीन दिशांनी धरते: लांबीत, रुंदीत आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात. पाट्याखाली मध्ये उजेड दिसला तर दगड मध्ये खचलाय किंवा त्याच्या कडा उचलल्यात. पाटा मध्ये टेकून दोन्ही टोकांना डुलायला लागला तर मध्य फुगलाय. कुठेच उजेड नाही आणि पाणी मात्र एका बाजूला धावतंय, तर दगड निर्दोष आहे, खालचा आधार हलला आहे. आपल्या भागात मी पाहिलेल्या ओट्यांपैकी बहुतेक या शेवटच्या जातीचे होते.

त्याचं कारण आपल्या पायाखाली आहे. पूर्णेच्या खोऱ्यातली ही काळी, भारी जमीन. बेसॉल्ट झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी प्याली की फुगते, वाळली की आक्रसते. मे महिन्यात शेतात भेगा पडतात, त्यात मनगट जातं हे तुम्हाला मी सांगायला नको. तीच माती घराखाली असते. उन्हाळ्यात घराच्या कडेची माती सुकून आक्रसते, मध्ये घराच्या सावलीतली माती ओलसर राहते. पावसाळ्यात उलटं होतं. घराच्या मुख्य भिंतींचा पाया निदान खोल असतो. ओट्याच्या आधाराच्या चार इंची विटांच्या भिंती मात्र आपण सरळ जमिनीवर, भरावावर उभ्या करतो. जमीन श्वास घेते तशा त्या वर-खाली होतात. प्रत्येक भिंत वेगळी हलते. त्यांच्यावर दगड एकसंध पडलेला. दगडाची एक गोष्ट लक्षात ठेवा: दाब तो भरपूर सोसतो, पण ताण, म्हणजे ओढलं जाणं, सोसायची ताकद त्याच्या साधारण दहावा हिस्सा. खालचा आधार गेला की दगडाच्या खालच्या अंगाला ताण येतो, आणि तिथून तडा सुरू होतो. तो वरून दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

मुरूम जवळ लागत असेल तर पाया तिथपर्यंत न्यावा. इथे बऱ्याच ठिकाणी तो लागतच नाही. अशा जमिनीसाठी रुरकीच्या सेंट्रल बिल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूटनं खाली फुगवटा असलेले काँक्रीटचे खुंट विकसित केले. साधारण साडेतीन मीटर खोल जायचं, म्हणजे ऋतूंप्रमाणे जिथली माती हलत नाही तिथे बुड टेकतं. हे नवीन घर बांधणाऱ्यांसाठी. झालेल्या घरात ओट्याच्या भिंतींखाली निदान काँक्रीटची सलग पट्टी घाला, लोखंडी गजांसकट. सगळ्या भिंती तिच्यावर उभ्या राहिल्या की त्या मिळून हलतात, एकेकट्या हलत नाहीत. आणि मोरीचं, नळाचं पाणी ओट्याच्या बुडाशी मुरू देऊ नका. सिंकचा पाइप गळत असेल तर तिथलीच माती बारा महिने फुगलेली राहते आणि बाकीची हलत राहते.

आता दगडाच्या जाडीबद्दल, कारण पैसे वाचवायला आपण तिथेच हात आखडतो. 16 मिलीमीटरचा आणि 20 मिलीमीटरचा ग्रॅनाइट दुकानात शेजारी ठेवले तर फरक कळतही नाही. पण वाकायला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. 20 मिलीमीटरचा दगड 16 च्या जवळजवळ दुप्पट ताठ असतो. आणि आधारांमधलं अंतर दुप्पट केलं, तर मध्ये तेवढंच वजन ठेवल्यावर दगड आठपट लवतो. दोन फुटांवर उभी भिंत हवी तिथे गॅस सिलिंडर सहज निघावं म्हणून चार फुटांचा गाळा सोडतात, वर मिक्सर, पाण्याचा हंडा, आणि दिवाळीत चकलीचा सोऱ्या दोन्ही हातांनी दाबतो. जुने मिस्त्री खाली कडप्प्याची लादी घालून मग वर ग्रॅनाइट बसवायचे. खर्च वाचवायला आता खालचा कडप्पा काढून टाकतात. तो काढू नका, हे मी हात जोडून सांगते. विशेषतः सिंकच्या पुढे तीन-चार बोटांची जी पट्टी उरते, तिच्याखाली आधार हवाच. आणि सिंकची, गॅसच्या शेगडीची भोकं कापताना कोपरे काटकोनात तोडू नयेत. आधी ड्रिलनं गोल छिद्र पाडून मग कटर चालवला की कोपरा गोल राहतो आणि तडा तिथून निघत नाही.

आता खरोखर वाकणारा दगड. ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो आहे.

आपण ज्याला ग्रीन मार्बल म्हणतो तो राजस्थानात उदयपूरच्या बाजूला निघतो. नावाला मार्बल, पण मुळात तो सर्पेंटाइन जातीचा खडक. यातले काही दगड ओले झाले की फुगतात. खाली सिमेंट-वाळूचा ओला माल, वर कोरडी हवा. खालचं अंग फुगून लांबतं, वरचं तसंच राहतं, आणि दगडाचे कोपरे वर उचलतात. उन्हात टाकलेल्या ओल्या पापडासारखे. माझ्या भाचीच्या घरी हेच झालं. सिंककडचा कोपरा इतका उचलला की खाली रुपयाचं नाणं सपाट सरकत होतं. तिथे मी चूक केली, ती तुम्ही करू नये म्हणून सांगते. मी म्हटलं, वजन ठेवा, बसेल. रात्री सिमेंटची दोन पोती त्या कोपऱ्यावर ठेवली. सकाळी सिंकच्या कोपऱ्यापासून भिंतीपर्यंत तिरपा तडा गेला होता. आतून फुगलेल्या दगडाला मी जबरदस्तीनं सरळ करायला निघाले होते. भाची काही बोलली नाही, पण तो तडा मला अजून दिसतो.

दुसरा तुकडा मात्र वाचला. तो अखंड सोडवून घेतला, ओलं अंग वर करून सावलीत तीन सारख्या लाकडी पट्ट्यांवर ठेवला. उन्हात नाही, कारण उन्हात एक बाजू झटकन सुकते आणि दगड उलट्या दिशेनं ओढला जातो. तीन आठवड्यांनी तो बराचसा सरळ झाला. मग तो सिमेंटच्या मालावर न बसवता इपॉक्सी नावाच्या चिकटद्रव्यावर बसवला, कारण इपॉक्सीत पाणी नसतं. हाच नियम मागे जाळी चिकटवलेल्या पातळ दगडांना. ती जाळी ज्या राळेनं, म्हणजे रेझिननं, चिकटवतात तिला सिमेंट धरत नाही. वरून घट्ट वाटतं, पण नाण्यानं टकटक केलं की पोकळ वाजतं.

पांढऱ्या संगमरवराचं वाकणं वेगळं. शिकागोत 1973 साली 80 हून अधिक मजल्यांची एक इमारत पूर्ण झाली. तिच्या अंगावर इटलीतल्या कॅराराचा, सव्वा इंच जाडीचा संगमरवर होता. थोड्याच वर्षांत त्या लाद्या बशीसारख्या बाहेर फुगू लागल्या, आणि 1990 ते 1992 या काळात संगमरवर काढून तिथे पांढरा ग्रॅनाइट लावावा लागला. संगमरवर म्हणजे कॅल्साइटचे खडे. तापल्यावर कॅल्साइटचा खडा एका दिशेनं लांबतो आणि आडव्या दिशेनं किंचित आखडतो. शेजारचे खडे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेले असतात, त्यामुळे तापताना-निवताना ते एकमेकांपासून सुटतात आणि पुन्हा पहिल्या जागी बसत नाहीत. जी बाजू जास्त तापते ती जास्त वाढते. आपल्याकडे पत्र्याखालचं स्वयंपाकघर, पश्चिमेची खिडकी, मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांचं ऊन. संगमरवराची पातळ लादी अशा खिडकीशी नको. एकदा असा फुगलेला संगमरवर सरळ होत नाही. कुणी गॅसची ज्योत मारून सरळ करून देतो म्हणाला तर त्याला हात लावू देऊ नका.

ग्रॅनाइटला हा रोग नाही. पण तोही तापला की वाढतो, सहा फुटांना तीस अंशांच्या फरकानं अर्धा मिलीमीटर. दोन्ही टोकं भिंतीत सिमेंटनं जाम केली तर त्या अर्ध्या मिलीमीटरला जागा कुठे? भिंतीशी दोन-तीन मिलीमीटरची फट ठेवा आणि ती सिलिकॉननं भरा. सिमेंट नको.

आणखी एक आपल्या खारपाणपट्ट्याचं. इथलं विहिरीचं, बोअरचं पाणी खारट. त्यात कालवलेला माल वाळला की क्षार दगडाच्या मागे साठतात, स्फटिक होऊन फुगतात. भिंतीला लोणा लागतो तसा तो कडप्प्यालाही लागतो आणि पापुद्रे सुटतात. माल कालवायला नळाचं गोडं पाणी घ्या. दोन-चार बादल्यांचा तर प्रश्न आहे.

खचलेला ओटा उचलायचा असेल तर घाई नको. सिलिंडर बाहेर, ओटा रिकामा, भिंतीकडचं सिलिकॉन ब्लेडनं कापून दगड मोकळा. मग खाली रुंद फळी आडवी घालून गाडीचा जॅक लावायचा. एका दिवसात एक-दोन मिलीमीटरच्या वर नाही. मध्ये कान द्यायचा. दगड किरकिरला तर थांबायचं, थोडं खाली घ्यायचं. जागेवर आला की कडप्प्याच्या चिपा पाचरीसारख्या सारायच्या आणि उरलेली पोकळी मालानं पूर्ण भरायची. ठिपके ठिपके ठेवून नाही, पूर्ण.

पण उचलण्याआधी माती हलते आहे की थांबली, हे माहीत पाहिजे. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं एकेक रेघ मारा, अंतर मोजून तिथेच तारीख लिहा. अक्षय तृतीयेला एकदा, पोळ्याला एकदा. उन्हाळ्यात फट रुंद आणि पोळ्याला मिटलेली, असं दिसलं तर आधी पाणी आणि पाया बघायचा. दोन्ही वेळी तेवढीच असेल तर मिस्त्रीला बोलवा.

ताई, तुमच्याकडचा ओटा कुठल्या जातीचा आहे ते इथे बसून मला नाही सांगता येणार. कार्यक्रम संपला की जाऊ. पाटा माझ्या गाडीत आहे, तांब्या तुम्ही काढा.