सलमा धरण: हरीरूदच्या पाण्याला घातलेला बांध

ही समोर दिसतेय ना, ती सलमा धरणाची भिंत शंभर मीटरहून जास्त उंच आहे आणि ती आपल्या माणसांनी अफगाण लोकांच्या जोडीने बांधलीय. पश्चिम अफगाणिस्तानातल्या हेरात शहरापासून १६५ किलोमीटरवर, चिश्त-ए-शरीफच्या डोंगरात, हरीरूद नदीवर.

काम खरं तर १९७६लाच सुरू झालेलं, मग देशात यादवी पेटली आणि सगळं होतं तसंच पडून राहिलं. तालिबानची पहिली राजवट गेल्यावर भारताने ते परत हातात घेतलं, आपल्या सरकारी वाप्कोस कंपनीकडे जबाबदारी दिली.

आता नकाशा बघा. भारतातून निघालेली मशिनरी आधी समुद्रमार्गे इराणच्या बंदर अब्बासला, तिथून ट्रकने १२०० किलोमीटर इस्लाम कला सीमेपर्यंत, आणि मग अफगाणिस्तानात अजून ३०० किलोमीटर, तेव्हा कुठे साइट. सिमेंट, स्टील, सुरुंगाची दारू, सगळं इराणमधून यायचं. रस्त्याने माणसं नेणं धोक्याचं, म्हणून आपले इंजिनियर अफगाण सरकारच्या हेलिकॉप्टरने जायचे, आणि तेही महिन्यातून एकदाच! म्हणजे काही बिघडलं तर हाताशी जे आहे त्यावरच भागवायचं. सुमारे १५०० भारतीय आणि अफगाण माणसं तिथे राबली. मदत म्हटलं की आपल्याला चेकवरचा आकडा आठवतो, इथे तो १७०० कोटींच्या पुढे गेला, पण मला विचाराल तर खरी मदत या माणसांनी केली, पैसा कुठूनही आला असता, अशा जागी वर्षानुवर्षं टिकून राहणारे कुठून आणणार.

हा दगड-मातीचा भराव बघा, थरावर थर, प्रत्येक थर रोलर फिरवून दाबलेला. आणि मागे हा जलाशय, तब्बल २० किलोमीटर लांब. ४ जून २०१६ला उद्घाटन झालं. ४२ मेगावॅट वीज, ७५,००० हेक्टरला पाणी, असा हिशोब मांडलेला.

२०१७ला धरणाजवळच्या चौकीवर हल्ला झाला, राखणीला असलेले अफगाण पोलीस मारले गेले. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या इराणची पाण्यावरून तक्रार आहेच, तिथल्या मशहद शहराला पाणी देणारं दोस्ती धरण याच नदीवर. ऑगस्ट २०२१ला तालिबान परत आलं.

ऑक्टोबर २०२५मध्ये तालिबान सरकारचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले तेव्हा संयुक्त निवेदनात या धरणाच्या देखभालीचा उल्लेख झाला, पुढच्या जलविद्युत प्रकल्पांवरही एकत्र काम करायचं ठरलं. ते काम आता रखडू नये, एवढीच मागणी आहे.