खेळांची घराणी

श्रोतेहो, नमस्कार. बॅट दिसली की एक गट आणि जाळे दिसले की दुसरा, अशी साधनांवरून खेळांची विभागणी आपण सहज करतो. इंग्लंडमधील लफबरो येथील डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी १९८२ साली मांडलेल्या अध्यापनपद्धतीबरोबर निराळी विभागणी रूढ झाली. खेळाडूपुढे कोणता प्रश्न आहे, यावरून तिथे घराणे ठरते. हॉकी-फुटबॉलमध्ये प्रतिपक्षाच्या हद्दीत शिरायचे असते, टेनिस-बॅडमिंटनमध्ये जाळ्यापलीकडची मोकळी जागा गाठायची असते, क्रिकेट-विटीदांडूत फटका क्षेत्ररक्षकांमधून काढायचा असतो आणि गोट्या-तिरंदाजीत नेम साधायचा असतो.

या संदर्भात ॲशली बार्टीची हकिगत मला फार आवडते. ऑस्ट्रेलियाच्या या मुलीने २०१४ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, टेनिसमधून विश्रांती घेतली आणि पुढच्या वर्षी, टेनिस थांबवेपर्यंत रीतसर क्रिकेट कधीही खेळलेली नसताना, ती ब्रिस्बेन हीटच्या संघात दाखल झाली. पहिल्याच सामन्यात तिने २७ चेंडूंत ३९ धावा काढल्या! चेंडू लवकर ओळखणारी नजर आणि त्याच्या रेषेत येणारे पाय तिने टेनिसमधून आणले होते. मात्र तेवढी खेळी तिला त्या हंगामात पुन्हा साधली नाही, कारण टेनिसमध्ये एक चूक झाली तर एक गुण जातो, क्रिकेटमध्ये एका चुकीने डावच संपतो. म्हणजे कौशल्य घराण्याची वेस ओलांडते, डावपेच ओलांडत नाहीत. पुन्हा सांगतो, डावपेच नव्याने शिकावे लागतात. पुढे टेनिसमध्ये परतून तिने २०१९ मध्ये फ्रेंच आणि २०२१ मध्ये विम्बल्डन स्पर्धा जिंकली. आठव्या वर्षीच मुलाला एका खेळाला जुंपणाऱ्या पालकांना ही हकिगत मी आवर्जून ऐकवतो.

आता आपल्या मातीतले खेळ पाहू. खो-खो आणि आट्यापाट्या या चार घराण्यांत नीट बसत नाहीत, कारण तिथे चेंडूही नाही आणि गोलही नाही. आहे ती शिवाशिवी. ज्या तक्त्यात खो-खोला जागा नाही तो तक्ता अपुरा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाशिवीचे पाचवे घराणे मानले, तर आट्यापाट्यांत वाट अडवणाऱ्या पाटीवाल्याला हुलकावणी देणारा मुलगा खो-खोत पाठलाग करणाऱ्याला का चकवतो आणि कबड्डीच्या चढाईत लवकर का रुळतो, याचा उलगडा होतो. नमस्कार.