झाक प्लांत आणि त्याचा मुखवटा

श्रोतेहो, नमस्कार.

आइस हॉकीत चेंडू नसतो. असते ती रबराची टणक चकती, पक. 3 इंच व्यास, 1 इंच जाडी, वजन साधारण 160 ग्रॅम. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, नाहीतर बर्फावर उसळ्या मारते. अशी चकती अंगावर घ्यायची, हेच गोलरक्षकाचं काम. आणि 1959 सालापर्यंत तो ते बहुधा उघड्या चेहऱ्यानं करत असे!

त्या वर्षी 1 नोव्हेंबरला, न्यूयॉर्कमध्ये, रेंजर्स संघाच्या अँडी बाथगेटचा फटका मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघाचा गोलरक्षक झाक प्लांत याच्या तोंडावर बसला. सात टाके पडले. राखीव गोलरक्षक त्या काळी संघाबरोबर नसे. प्लांत म्हणाला, मुखवटा लावू देणार असाल तरच उतरतो. प्रशिक्षक टो ब्लेक यांचा मुखवट्याला विरोध होता; पायाशी आलेली चकती त्यातून दिसणार नाही, ही त्यांची भीती. पण इलाज नव्हता. मॉन्ट्रियलनं सामना 3-1 असा जिंकला.

ब्लेक यांची शंका खोटी नव्हती, हे सांगायला हवं. 1930 मध्ये क्लिंट बेनेडिक्ट या गोलरक्षकानं चामड्याचा मुखवटा लावून पाहिला होता, पण नाकावरचा भाग नजरेच्या आड यायचा, म्हणून सोडून दिला. प्लांतचा मुखवटा बिल बर्चमोर यांनी फायबरग्लासचा केला. आधी चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा, मग त्यावर फायबरग्लासचे थर. चेहऱ्याला घट्ट बसल्यामुळे डोळ्यांची भोकं डोळ्यांच्या अगदी जवळ आली आणि खालचं दिसू लागलं. दोष याच गुणात होता: मुखवटा हाडाला टेकलेला, त्यामुळे जखम टळली तरी दणका आत पोचायचाच. शिवाय घाम. प्लांत पुढं नवे नवे नमुने करतच राहिला.

मला मात्र त्याची दुसरी करामत जास्त मोठी वाटते. प्रतिस्पर्धी लांबून चकती मारतात, ती मैदानाभोवतीच्या कठड्याला घासत गोलच्या जाळ्यामागं फिरते. इतर गोलरक्षक बघत उभे राहायचे. प्लांत जागा सोडून मागं जायचा, चकती काठीनं थांबवायचा आणि आपल्या बचावपटूच्या हाती लागेल अशी ठेवायचा. बचावपटूची एक झुंज वाचली! पण निघायला क्षणभर उशीर झाला, तर मागं 6 फूट रुंद, 4 फूट उंच गोल मोकळा. सगळा खेळ अंदाजाचा.

1956 ते 1960, सलग पाच स्टॅनली कप, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगची विजेतेपदं, मॉन्ट्रियलनं जिंकले, ते प्लांत गोलमध्ये असताना. त्या काळी सर्वांत कमी गोल खाणाऱ्या संघाच्या गोलरक्षकाला मिळणारी वेझिना ट्रॉफी सात वेळा, आणि 1962 मध्ये लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफी.

1970 च्या अंतिम मालिकेत तो सेंट लुईसकडून खेळत होता. बॉस्टनचा एक फटका कुणाच्या तरी काठीला लागून वळला आणि थेट त्याच्या कपाळावर. मुखवटा फुटला, प्लांत बेशुद्ध पडला. जीव वाचला तो मुखवट्यामुळे, असं त्यानं स्वतःच सांगितलं. पुढच्या हंगामात तो टोरंटोकडून गोलमध्ये उभा होता. वय 42, आणि दर सामन्याला खाल्लेले गोल सरासरी 1.88. लीगमध्ये सर्वांत कमी.