चवळीच्या मुळाशी चाललेला कारखाना

लोकलच्या खिडकीतून रुळांच्या कडेला लाल माठ, पालक, भेंडीचे वाफे दिसतात ना, त्या सगळ्या पिकांना नायट्रोजन लागतो, आणि गंमत म्हणजे हवेत तो 78 टक्के आहे पण झाडाला तसाच्या तसा घेता येत नाही, आधी त्याचा अमोनिया व्हावा लागतो. युरियाच्या कारखान्यात त्यासाठी प्रचंड दाब आणि चारशे अंशांच्या वर तापमान लागतं. काही जिवाणू हेच काम कुंडीतल्या मातीत करतात.

मुलुंडच्या या गच्चीवर आज चवळी पेरतायत. मूठभर बी, गुळाचं पाणी आणि कृषी सेवा केंद्रातून आणलेलं काळ्या भुकटीचं पाकीट. काळं दिसतंय ते लिग्नाइट, म्हणजे कोळशाचाच एक प्रकार, खरा माल त्यात मुरवलेलं जिवंत रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून त्यांत हवेतला नायट्रोजन पकडणारे जिवाणू, म्हणून पाकिटावरची मुदत बघायची आणि ते उन्हात अजिबात ठेवायचं नाही. शेतावर 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम लागतं, इथे चमचाभरसुद्धा खूप झालं. गूळ गरम पाण्यात विरघळवला तरी पाणी पूर्ण गार होऊ द्यायचं, नाहीतर कढत दुधात विरजण घातल्यासारखं होईल. मग ते पाणी आणि भुकटी बियांना हलक्या हाताने चोळायची, साल निघता कामा नये, सावलीत सुकवून लगेच पेरायचं. बुरशीनाशक लावायचंच असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी.

घोळ होतो दुकानात. 'जिवाणू खत द्या' म्हटलं की हातात येईल ते पाकीट लोक घेऊन येतात. पण चवळीचं रायझोबियम मेथीला चालत नाही, मेथीचे जिवाणू लसूणघासाच्या, म्हणजे गुरांच्या चाऱ्याच्या पिकाच्या, गटातले. (आपल्या वाळूतल्या समुद्रमेथीवर मात्र पैसे घालवू नका, गाठी धड कामाला लागायच्या आत ती जुडी होऊन बाजारात येते.) वांगी, टोमॅटो, मिरचीला तर अशा गाठीच येत नाहीत, त्यांना अ‍ॅझोटोबॅक्टर किंवा अ‍ॅझोस्पिरिलम हे दुसरे जिवाणू, ते पाण्यात कालवून रोपाची मुळं त्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून मग लावायची. अ‍ॅझोटोबॅक्टर मातीत मोकळा राहतो, त्याला खायला सेंद्रिय कर्ब लागतो, तेव्हा नुसत्या कोकोपीटवर टाकून चमत्काराची वाट बघण्यात अर्थ नाही, शेणखत किंवा सोसायटीच्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट हवंच. आणि एका पाकिटात सगळी खतं बंद होतील असं कोणी सांगत असेल तर तो माल खपवायला बसलाय.

आता महिनाभराने बघा. रोप ओढायचं नाही, गाठी तुटून मातीतच राहतात, खालून माती मोकळी करून उचलायचं. नखाने गाठ फोडली, आत गुलाबी. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच भाऊबंद, गुलाबी म्हणजे काम चालू आहे. पांढरी असती तर अजून सुरूच नाही, हिरवट असती तर संपत आलंय. शेजारच्या क्रेटमध्ये कुणीतरी प्रेमाने युरिया टाकला होता, तिथली पानं हिरवीगार, मुळांवर मात्र गाठी शोधाव्या लागतायत, आयतं मिळत असताना झाड जिवाणूंना कशाला पोसेल.